कर्ता, कर्म आणि अभिवचन : अमेरिकेतील आंतरराज्य पर्यवेक्षण-कराराच्या भाषेचे परीक्षण

१

कायद्याच्या संहितेचे परीक्षण विधिज्ञाने करावे आणि काव्यनाटकांचे साहित्याच्या अभ्यासकाने, अशी एक वाटणी मराठी समीक्षेत मुकाट्याने मान्य झालेली आहे. ती सोयीची आहे. पण तिच्यामुळे एक साधी गोष्ट नजरेआड होते. कायदाही शेवटी वाक्यांचाच बनलेला असतो. वाक्यात क्रियापद आले की ती क्रिया कोण करतो आणि ती कोणावर घडते, हा प्रश्न आपोआपच उपस्थित होतो. कादंबरीत या प्रश्नाचे उत्तर चुकले तर फार तर एखादे पात्र निर्जीव राहते. कायद्यात ते चुकले तर एक जिवंत माणूस स्वतःच्या आयुष्याविषयीच्या वाक्यात कर्म होऊन बसतो.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील राज्यांनी प्रौढ अपराध्यांच्या पर्यवेक्षणाविषयी आपसांत केलेला करार आणि त्याखालील नियमावली ही अशा परीक्षणास विशेष योग्य असलेली संहिता आहे. तिचा विषय थोडक्यात सांगता येतो. न्यायालयाने तुरुंगवासाऐवजी काही अटींवर मोकळे ठेवलेला मनुष्य परिवीक्षेवर असतो. शिक्षेचा काही भाग तुरुंगात भोगून उरलेल्या काळासाठी अटींवर बाहेर आलेला मनुष्य पॅरोलवर असतो. दोघांवरही सरकारी अधिकाऱ्याची देखरेख असते. अशा माणसाला शिक्षा एका राज्यात झाली, आणि त्याची आई, बायको किंवा मिळू शकणारी नोकरी दुसऱ्या राज्यात आहे, तर त्याने कोठे राहावे? आणि तेथे त्याच्यावर देखरेख कोणी ठेवावी? हा प्रश्न कागदोपत्री रूक्ष दिसतो. पण सुटून आलेला माणूस पुन्हा उभा राहतो की पुन्हा आत जातो, याचा निर्णय पुष्कळदा तो कोणाच्या घरी राहतो यावरच अवलंबून असतो.

या संहितेने प्रशासनाचा एक मोठा प्रश्न सोडवला आहे, यात शंका नाही. तथापि तो सोडवताना तिने ज्या भाषेचा आश्रय केला, त्या भाषेत ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप तो मनुष्य जवळजवळ बोलतच नाही. तो बोलतो ती स्थळे मोजकी आहेत. आणि त्यांपैकी बहुतेक ठिकाणी तो बोलतो ते आपला एखादा हक्क सोडून देण्यासाठीच. या विधानाचा पडताळा संहितेच्या शब्दांतूनच घेता येतो.

२

प्रथम संहितेची पार्श्वभूमी व तिचे गुण सांगणे न्याय्य होईल. अमेरिकेत फौजदारी कायदा हा मुख्यतः राज्यांचा विषय आहे. विस्कॉन्सिनच्या न्यायालयाचा अधिकार इलिनॉयच्या हद्दीत आपोआप चालत नाही. राज्यांनी परस्पर करार करावयाचे तर त्या देशाच्या राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदाच्या दहाव्या कलमान्वये काँग्रेसची संमती लागते. गुन्ह्यांच्या प्रतिबंधासाठी करावयाच्या करारांना ही संमती काँग्रेसने १९३४ साली आगाऊच देऊन ठेवली. तिच्या आधारे १९३७ साली परिवीक्षेवरील व पॅरोलवरील व्यक्तींच्या पर्यवेक्षणाचा पहिला आंतरराज्य करार झाला. आरंभी त्यात पंचवीस राज्ये होती. १९५१ पर्यंत त्या वेळची सर्व अठ्ठेचाळीस राज्ये त्यात आली. या करारापूर्वी माणसाला राज्य सोडून जाण्याच्या अटीवर मोकळे करणे, आणि तो ज्या राज्यात जाईल त्या राज्याला त्याची वार्ताही नसणे, ही अशक्य गोष्ट नव्हती. एका राज्याने आपली अडचण शेजारच्या राज्याच्या दारात नेऊन टाकावी, असाच हा प्रकार होता.

१९३७ च्या कराराला नियम करणारी व ते पाळावयास लावणारी समर्थ यंत्रणा नव्हती. ही उणीव दूर करण्यासाठी राज्य-शासनांच्या परिषदेने राष्ट्रीय सुधारसेवा संस्थेच्या सहकार्याने नव्या कराराचा मसुदा तयार केला. पस्तीस राज्यांनी कायदा केला की करार अमलात यावा अशी त्यात योजना होती. पस्तिसावे राज्य पेनसिल्व्हेनिया ठरले आणि १९ जून २००२ रोजी करार अमलात आला. आज पन्नासही राज्ये, कोलंबिया जिल्हा, पोर्तो रिको आणि अमेरिकी व्हर्जिन बेटे त्याचे सदस्य आहेत. केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे त्याच्या आयोगाचे कार्यालय आहे. आयोगाने केलेल्या नियमांना कायद्याचे बळ आहे. कसूर करणाऱ्या राज्याला दंड होऊ शकतो व त्याच्याविरुद्ध संघराज्याच्या न्यायालयात जाता येते. २००८ पासून राज्याराज्यांतील हा पत्रव्यवहार एका सामाईक संगणकीय व्यवस्थेतून चालतो.

दुसऱ्या राज्यातून आलेल्या माणसावर स्वीकारणाऱ्या राज्याने आपल्या स्वतःच्या तशाच माणसांप्रमाणे देखरेख ठेवावी, हा नियम या संहितेचा मोठा गुण होय. परका म्हणून त्याला सवलत नाही आणि परका म्हणून जाचही नाही. गुन्ह्याची झळ ज्यांना लागली त्या पीडितांना माणसाच्या स्थलांतराची सूचना मिळावी याची काळजीही तिने घेतली आहे. १९३७ च्या संहितेशी ताडून पाहता ही प्रगतीच आहे. पुढील टीका या गुणांना विसरून केलेली नाही.

३

संहितेतील दोन मध्यवर्ती संज्ञा म्हणजे ‘प्रेषक राज्य’ आणि ‘स्वीकर्ते राज्य’. जेथे शिक्षा झाली ते प्रेषक. जेथे मनुष्य जाऊन राहणार ते स्वीकर्ते. या संज्ञांची जोडी राजनैतिक व्यवहारात परिचित आहे. राजनैतिक संबंधांविषयीच्या १९६१ च्या व्हिएन्ना करारात वकिलात पाठवणाऱ्या व स्वीकारणाऱ्या राष्ट्रांना याच संज्ञा लावलेल्या आहेत. परंतु राजदूत खरोखरच पाठवला जातो. येथे मात्र माणसाला कोणी पाठवत नाही. त्याला स्वतःला जावयाचे असते. राज्य केवळ परवानगी देते, आणि परवानगी देणाराच प्रेषक म्हणवला जातो.

हा फरक केवळ शब्दाचा नाही. ‘पाठवणे’ या क्रियेला व्याकरणदृष्ट्या तीन कारकांची अपेक्षा असते : पाठवणारा तो कर्ता, ज्याच्याकडे पाठवावयाचे ते संप्रदान, आणि जे पाठवावयाचे ते कर्म. पहिली दोन स्थाने राज्यांनी व्यापल्यावर माणसाला तिसरे स्थानच उरते. तेच ‘जाणे’ किंवा ‘राहणे’ हे क्रियापद योजले असते तर माणूस कर्ता झाला असता व राज्ये गौण झाली असती. संहितेने ‘पाठवणे’ निवडले, आणि पुढची सारी वाक्यरचना या निवडीतून ओघानेच आली. स्थलांतराची विनंती प्रेषक राज्य पाठवते. चौकशी स्वीकर्ते राज्य करते. पंचेचाळीस दिवसांच्या आत ते आपले उत्तर प्रेषक राज्याला कळवते. पत्रव्यवहार एका माणसाच्या घराविषयी असतो. पण पत्र लिहिणारा तो नसतो आणि पत्राचा पत्ताही त्याचा नसतो.

स्थलांतर अनिवार्यपणे स्वीकारले जावे यासाठी नियमांनी काही अटी घातल्या आहेत. पर्यवेक्षणाचा काळ नव्वद दिवसांहून अधिक उरलेला असावा किंवा तो अनिश्चित असावा. पर्यवेक्षणाची ग्राह्य योजना असावी. माणसाने आतापर्यंतच्या अटी बहुतांशी पाळलेल्या असाव्यात. आणि तो स्वीकर्त्या राज्याचा रहिवासी असावा, किंवा तेथे त्याला साहाय्य करण्यास राजी व समर्थ असलेले कुटुंबीय असून त्याच्या चरितार्थाची सोय असावी. या अटी पुऱ्या झाल्या की स्वीकर्त्या राज्यावर बंधन येते. मराठी विधिभाषेत अशा बंधनासाठी ‘करील’ हे भविष्यकाळी रूप आणि केवळ मुभेसाठी ‘करता येईल’ ही रचना रूढ आहे. त्या भाषेत सांगावयाचे तर येथे स्वीकर्ते राज्य ‘स्वीकारील’. पण याच नियमाच्या आरंभी एक छोटे पदबंध आहे : हे सर्व प्रेषक राज्याच्या विवेकाधीन आहे. म्हणजे घेणाऱ्यावर ‘करील’चे बंधन, देणाऱ्याला मात्र ‘करता येईल’ची मोकळीक. आईच्या घराचे दार कायद्याने उघडून ठेवलेले आहे. पण उंबरठ्यापर्यंत जाऊ द्यावयाचे की नाही हे दुसऱ्याच्या मर्जीवर आहे. ‘अनिवार्य स्थलांतर’ हे शब्द वाचून ज्याला आशा वाटली असेल त्याला हा पदबंध उशिरा दिसतो.

संहितेतील व्याख्याही लक्ष देऊन वाचण्यासारख्या आहेत. बारा महिन्यांच्या काळात दुसऱ्या राज्यात सलग पंचेचाळीसहून अधिक दिवस राहणे म्हणजे ‘स्थलांतर’. किमान वर्षभर सलग राहिलेला आणि ते राज्य आपले मुख्य वसतिस्थान मानणारा तो ‘रहिवासी’. कुटुंबीय ‘रहिवासी कुटुंबीय’ ठरावयाचे तर विनंतीच्या दिवशी त्यांस त्या राज्यात एकशे ऐंशी दिवस झालेले असले पाहिजेत. कायद्याला आकडे लागतात हे खरे. आकड्यांवाचून प्रत्येक अधिकारी आपापला अर्थ लावील. परंतु ‘कुटुंबीय’ कोण, हे सांगताना संहिता नात्यांची यादी देते : आईबाप, आजीआजोबा, प्रौढ मुले, प्रौढ भावंडे, जोडीदार, पालक, सावत्र आईबाप, आणि इंग्रजीत एकेका शब्दात मावणारी ती दोन नाती, ज्यांना मराठीत काका व मामा, आत्या व मावशी असे वेगवेगळे शब्द लागतात. मराठी वाचकाला ही यादी प्रथमदर्शनी उदार वाटेल, कारण आईकडचे आणि बापाकडचे येथे समान आहेत. पण चुलतभाऊ, मावसभाऊ, आतेभाऊ यांस तीत स्थान नाही. आणि ज्या शेजारणीने रक्ताचे नाते नसताना लहानाचे मोठे केले, तीही कायदेशीर पालक नसेल तर त्या यादीत बसत नाही. त्यांच्या घरी जावयाचे तर अनिवार्य नियमाचा आधार सुटतो आणि दोन्ही राज्यांच्या विवेकावर विसंबावे लागते. नात्याचा अर्थ आधार असा आहे, हे संहितेने ‘साहाय्य करण्यास राजी व समर्थ’ या शब्दांत स्वतःच मान्य केले आहे. मग आधार हीच कसोटी न ठेवता तिच्याआधी शब्दांची यादी का ठेवावी, याचे उत्तर तिच्यात मिळत नाही.

४

कराराच्या नावातच ‘अपराधी’ हा शब्द आहे. मूळ इंग्रजी शब्द कर्तृवाचक प्रत्यय लागून झालेला आहे. लिहिणारा, गाणारा तसा अपराध करणारा. मराठीतील ‘अपराधी’ हा ‘अपराध ज्याच्यापाशी आहे तो’ अशा अर्थाचा आहे. दोन्ही शब्द एका घडून गेलेल्या कृतीचे माणसाच्या कायमच्या नावात रूपांतर करतात. पण इंग्रजी शब्दात आणखी एक विपरीत गोष्ट दडलेली आहे. संपूर्ण संहितेत जो मनुष्य जवळजवळ सर्वत्र कर्म आहे, त्याला कर्तेपण मिळाले आहे ते केवळ या एका नावात, आणि तेही गुन्ह्याचे.

आयोगाच्या धुरीणांनाही हा शब्द खटकला असावा. अलीकडील सुधारणांनंतर नियमावलीत त्या जागी ‘पर्यवेक्षणाखालील व्यक्ती’ अशा अर्थाची संज्ञा आली आहे. हेतू स्तुत्य आहे. माणसाला त्याच्या गुन्ह्याच्या नावाने हाक मारू नये, ही सभ्यतेची किमान अपेक्षा होय. तथापि भाषेच्या दृष्टीने पाहता येथे एक गोष्ट मिळवताना दुसरी गेली आहे. नवी संज्ञा कर्मणी धातुसाधितावर उभी आहे. ज्याच्यावर देखरेख केली जाते तो. गुन्ह्याचे का होईना पण जे एक कर्तेपण होते तेही आता उरले नाही. त्याच्या नावातून आता त्याची कोणतीच कृती कळत नाही. कळते ती केवळ राज्याची. शिवाय हा बदल नियमांपुरता राहिला आहे. मूळ करारात बदल करावयाचा तर सर्व सदस्य राज्यांनी एकमताने तसा कायदा केला पाहिजे; म्हणून मुखपृष्ठावर ‘अपराधी’ आणि आतील पानांवर ‘व्यक्ती’ अशी या संहितेची आजची स्थिती आहे.

५

यापुढचा शब्द ‘पॅरोल’. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ शब्द, वाणी, दिलेले वचन. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला तो सोस्यूरच्या विवेचनातून परिचित आहे. तेथे भाषेची सामाजिक व्यवस्था एकीकडे आणि व्यक्तीने प्रत्यक्ष केलेला उच्चार दुसरीकडे, अशा भेदातील उच्चाराच्या बाजूस तो येतो. कायद्यात तो युद्धकैद्याने दिलेल्या मानाच्या वचनावरून आला : मला सोडा, मी पुन्हा शस्त्र धरणार नाही. हे वाक्य कैदी उच्चारतो. शत्रू त्याच्या शब्दावर विश्वास ठेवतो. सुटकेचा पाया म्हणजे सुटणाऱ्याची वाणी.

परिवीक्षेचा आरंभही असाच दोन माणसांमधील शब्दाने झाला. १८४१ साली बॉस्टनच्या न्यायालयात जॉन ऑगस्टस या जोडे बनवणाऱ्या कारागिराने एका मद्यप्याचा जामीन घेतला. त्या माणसाने दारू सोडण्याचे वचन दिले आणि ऑगस्टसने त्याची हमी दिली. मॅसॅच्युसेट्सने १८७८ साली यासंबंधी पहिला कायदा केला. इंग्रजी शब्दाचे मूळ लॅटिनमधील ‘कसोटी पाहणे’ या अर्थाच्या धातूत आहे. कसोटीला उतरणारा किंवा न उतरणारा तो मनुष्य असतो. मराठी ‘परिवीक्षा’ हा शब्द मात्र ईक्ष् धातूपासून बनला आहे. ‘पर्यवेक्षण’ही त्याच धातूपासून. दोन्हींत पाहणे आहे, आणि पाहणारा सरकार आहे. अर्थात या बाबतीत इंग्रजीतील पर्यवेक्षणाचा शब्दही वेगळा नाही. तोही ‘वरून पाहणे’ असाच आहे. कसोटी मागे पडली आणि नजर पुढे आली, हा प्रवास दोन्ही भाषांनी केला.

अमेरिकेत तर ‘पॅरोल’ हा शब्दच मागे सरत आहे. मेन राज्याने १९७६ साली पॅरोलची पद्धत बंद केली. पुढे आणखी काही राज्यांनी तिचे अनुकरण केले. संघराज्याने १९८४ च्या कायद्याने आपल्या कैद्यांसाठी तिच्या जागी ‘पर्यवेक्षित सुटका’ आणली. यामागची कारणे शिक्षाशास्त्रातील वादांशी संबंधित आहेत व त्यांत बळ आहे. एकाच गुन्ह्याला मंडळाच्या लहरीप्रमाणे कमीअधिक शिक्षा भोगावी लागते, हा आक्षेप खोटा नव्हता. परंतु शब्दांच्या पातळीवर घडले ते असे की वचन गेले आणि देखरेख राहिली.

मग या आंतरराज्य संहितेत माणसाचे वचन कोठेच नाही काय? आहे. स्थलांतराच्या अर्जावर त्याला सही करावी लागते, आणि त्या सहीने तो बोलावले की परत येण्याचे मान्य करतो व प्रत्यर्पणाच्या प्रक्रियेचा हक्क सोडून देतो. एरवी एका राज्यातील आरोपी दुसऱ्या राज्यात सापडला तर त्याला नेण्यासाठी राज्यपालांची मागणी, वॉरंट, ते न्यायालयात तपासून घेण्याची संधी, अशा पायऱ्या असतात. येथे त्या सर्व एका सहीने नाहीशा होतात. म्हणजे संहितेत माणूस उत्तम पुरुषी एकवचनात प्रथम बोलतो तो ‘मी हा हक्क सोडतो’ असे. पॅरोल या शब्दाच्या इतिहासात वचनाच्या बदल्यात विश्वास मिळत असे. येथे वचन घेतले जाते, आणि ते देणाऱ्यावर पुढे कोणी विश्वास ठेवावा असे मात्र संहितेत कोठेही म्हटलेले नाही.

६

या संहितेच्या इतिहासात एक खटला असा आहे की ज्यामुळे हा विचार केवळ व्याकरणाचा राहत नाही. १९६५ च्या जुलैमध्ये विस्कॉन्सिनच्या न्यायालयात एका माणसाने सशस्त्र दरोड्याचा गुन्हा कबूल केला. पंधरा वर्षांची शिक्षा झाली. ती स्थगित करून त्याला सात वर्षांच्या परिवीक्षेवर ठेवण्यात आले. त्याने अटींच्या करारावर, तसेच प्रवासाच्या परवान्यावर आणि परत येण्याच्या करारावर सही केली, आणि १९३७ च्या आंतरराज्य कराराखाली त्याला इलिनॉयमध्ये राहण्याची मुभा मिळाली. ५ ऑगस्ट रोजी शिकागो ज्या कुक परगण्यात आहे तेथील परिवीक्षा-खात्याने त्याला स्वीकारले. दुसऱ्याच दिवशी इलिनॉयच्या पोलिसांनी त्याला एका घरफोडीत पकडले. त्याने प्रथम कबुली दिली; ती धाकदपटशाने घेतली व खोटी होती, असे नंतर सांगितले. १ सप्टेंबर रोजी विस्कॉन्सिनच्या खात्याने त्याची परिवीक्षा रद्द केली व पंधरा वर्षांची शिक्षा भोगण्यासाठी त्याला तुरुंगात धाडले. या सर्व काळात त्याची सुनावणी झाली नाही.

हाच गॅग्नन विरुद्ध स्कार्पेली हा खटला. १९७३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की परिवीक्षा रद्द करण्यापूर्वी माणसाची सुनावणी झाली पाहिजे. त्याआधीच्या वर्षी, १९७२ साली, मॉरिसी विरुद्ध ब्रूअर या आयोवा राज्यातील खटल्यात पॅरोलविषयी हाच निर्णय झाला होता. प्राथमिक सुनावणी अटक किंवा कथित उल्लंघन जेथे झाले त्या स्थळाच्या शक्य तेवढी जवळ व्हावी, असेही त्यात सांगितले होते. आंतरराज्य प्रकरणांत या सूत्राला विशेष अर्थ आहे. साक्षीदार शिकागोत आणि निर्णय विस्कॉन्सिनमध्ये, अशा वेळी माणसाचा शब्द कोणाच्या कानी पडणार?

या निर्णयांचा परिणाम आजच्या नियमावलीत दिसतो. माणसाला परत ताब्यात घेण्यापूर्वी, ठरावीक परिस्थितीत, स्वीकर्त्या राज्यात उल्लंघन झालेल्या स्थळाच्या जवळ सुनावणी व्हावी, आरोप लेखी कळवावेत, पुरावा दाखवावा, त्याला स्वतः बोलण्याची, साक्षीदार आणण्याची व विरुद्ध साक्षीदारांना उलट विचारण्याची संधी द्यावी, असे नियम आहेत. संपूर्ण संहितेत येथे प्रथमच माणूस पूर्ण अर्थाने कर्ता होतो : तो विचारतो, तो सांगतो, तो आणतो. हे कर्तेपण राज्यांनी आपसांतील करारात आपण होऊन घातलेले नाही; न्यायालयाने ते घालावयास लावले, आणि न्यायालयाने ते घालावे म्हणून एका माणसाला सुनावणीवाचून तुरुंगात जावे लागले. या नियमांतही एक अट आहे. सुनावणीचा हक्क सोडावयाचा असेल तर माणसाने किमान एका उल्लंघनाची कबुली दिली पाहिजे. म्हणजे गप्प राहण्यासाठीही त्याला बोलावे लागते, आणि ते बोलणे स्वतःविरुद्ध असते.

आरंभीची सही व अखेरची सुनावणी यांच्या मधला काळ कोणता? स्थलांतर मिळते की नाकारले जाते तो काळ. आईच्या घराचा प्रश्न सुटतो किंवा सुटत नाही तो काळ. या मधल्या काळात माणसाला काही मागता येते का, हा प्रश्नही न्यायालयांपुढे गेला. २००८ साली तिसऱ्या विभागाच्या आणि २०११ साली दुसऱ्या विभागाच्या संघराज्य अपील न्यायालयाने असे ठरवले की हा करार राज्याराज्यांमधला आहे. त्याच्या आधारे पर्यवेक्षणाखालील माणसाला स्वतः दावा लावता येत नाही. कायद्याच्या दृष्टीने हा निष्कर्ष समजण्यासारखा आहे. भाषेच्या दृष्टीने त्याचे महत्त्व वेगळे आहे. संहितेची वाक्यरचना पाहून अभ्यासक जे म्हणेल तेच येथे न्यायाधीशांनी म्हटले : या वाक्यांत हा मनुष्य कर्ता नाही. व्याकरणात जे कारक होते ते न्यायालयात नशीब झाले.

७

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. करार राज्यांमधला असल्यामुळे त्यातील कर्ते राज्येच असणार. टपालविषयक करारात टपालाचे पुडके कर्ता नसते, तसेच हे. आक्षेप वरवर बिनतोड दिसतो. पण पुडके सही करत नाही. ज्याच्याकडून परत येण्याचे वचन घेतले, हक्क सोडल्याचे लिहून घेतले, कबुली घेतली, त्याला त्या संहितेने आधीच बोलणारा म्हणून मान्य केलेले आहे. बंधन पत्करताना जो कर्ता आहे तो लाभ मागताना कर्म कसा होतो, याचे उत्तर टपालाच्या दृष्टान्तात मिळत नाही.

मराठी वाचकाला येथे भारतीय व्यवस्थेचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. भारतात दंडविधान देशभर मुख्यतः एकच असल्यामुळे असा करार करण्याची वेळच आली नाही. म्हणून तुलनेत फुशारकीला जागा नाही. शिवाय शब्द सारखा असला तरी वस्तू वेगळी आहे. १९५९ च्या मुंबई फर्लो व पॅरोल नियमांनुसार महाराष्ट्रात पॅरोल ही कैद्याला कारणपरत्वे मिळणारी अल्प मुदतीची रजा आहे. अमेरिकेतील अटींवरची दीर्घ सुटका ती नव्हे. मात्र तुरुंगाच्या मराठीत तिला ‘अभिवचन रजा’ म्हणतात, आणि इंग्रजीत शब्द राहूनही जो अर्थ पुसट झाला तो या मराठी संज्ञेने जागता ठेवला आहे, हे नमूद केले पाहिजे.

१९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमातील एक तरतूदही येथे उपयोगी पडते. माणसाला चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर सोडण्यापूर्वी न्यायालयाने पाहावयाचे असते की त्याचे किंवा त्याच्या जामीनदाराचे कायम राहण्याचे ठिकाण वा नियमित व्यवसाय न्यायालयाच्या हद्दीत आहे, किंवा बंधपत्राच्या काळात तो जेथे राहण्याचा संभव आहे तेथे आहे. परिवीक्षा-अधिकारी हाही तो मनुष्य ज्या जिल्ह्यात त्या वेळी राहत असेल त्या जिल्ह्याच्या दंडाधिकाऱ्याच्या नियंत्रणाखाली असतो. येथील क्रियापद ‘राहणे’ हे आहे. मनुष्य राहतो, आणि अधिकार त्याच्या पाठोपाठ जातो. प्रत्यक्षात परिवीक्षेचा उपयोग भारतात किती होतो हा वेगळा प्रश्न आहे. पण वाक्य वेगळ्या तऱ्हेने रचता येते, एवढे यावरून सिद्ध होते.

अमेरिकेच्या संहितेतही ते रचता येईल, आणि त्यासाठी सर्व राज्यांच्या एकमताची वाट पाहण्याचे कारण नाही. संज्ञा नियमांत बदलता आली, तर वाक्येही नियमांत बदलता येतील. पुढील दोन वाक्ये पुरेशी आहेत : पर्यवेक्षणाखालील मनुष्य स्थलांतराची विनंती स्वतः करील व तिच्यावरील निर्णय सकारण लेखी त्याला मिळेल, आणि निर्णय प्रतिकूल असल्यास तो आपले म्हणणे एकदा मांडील. पहिल्या वाक्याने प्रेषकाचा विवेक नाहीसा होत नाही. केवळ तो उघड्यावर येतो. दुसऱ्याने कोणत्याही राज्यावर कोणी लादला जात नाही. केवळ त्याला नकार देताना त्याच्याकडे पाहून द्यावा लागतो.

वचन मागणाऱ्याने वचन देणाऱ्याचे ऐकूनही घ्यावे, हा व्यवहार कायद्याहून जुना आहे. या संहितेने वचन मागितले आहे. ऐकून घेण्याचे वाक्य तिच्यात अद्याप अपुरे आहे.